माहेरचं नाव काय?

"तुमची माय कशानं मेली?"

कौसल्याबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माझं नाव त्यांनी नंतर विचारलं. मी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात झाडू मारत होतो आणि त्या राळेगावच्या एसटीतून उतरून पत्र्याची पेटी हातात धरून पायरीवर उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, आत तं या."

"आत येनंच आहे. पहिले सांगा."

"बुढी झालती. मेली."

"बुढी होनं हा रोग नसते, भाऊ."

मला राग आला. कोण कुठली बाई, आल्याबरोबर मेलेल्या मायचं विचारते. मी फरशीवर पाणी जास्तच ओतलं, म्हणजे तिची पेटी ओली होईल. त्यांनी पेटी उचलली, डोक्यावर घेतली आणि तशाच उभ्या राहिल्या. शेवटी मीच सांगितलं, की मायला दमा होता. "आता कसं," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मी त्या केंद्रात शिपाई होतो. शिकलेलो सातवीपर्यंत, तेही शेवटच्या वर्षी नापास. झाडझूड करायची, सुया उकळायच्या, पेशंट आडवा आला की पाय धरायचे, एवढंच माझं काम. बाई तिथं नर्स म्हणून अकरा वर्षं होत्या. मागच्या महिन्यात दिग्रसहून त्यांच्या भावाचा निरोप आला की बाई गेल्या. माझी पोरगी पुष्पा म्हणाली, बाबा, तुमच्याशिवाय कोणाला इतकं माहीत नाही, लिहून ठेवा. म्हणून लिहितो. सुधरून लिहिणं मला येत नाही.

बाई बुटक्या, काळ्या, चालायला चपळ. बाकीच्या नर्सा गळ्यात नळी घालतात, यांच्या गळ्यात शिंप्याची फीत असे. यांचा बाप दिग्रसला शिंपी होता, त्याचीच ती फीत. पिवळी होती ती मळून तपकिरी झालेली, आकडे अर्धे पुसलेले. बाळंतीण असो, पाय मोडून पलस्तरात पडलेला असो, तापानं आठ दिवस खाटल्यावर असो, बाई पहिले पाय उघडे करत. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं मोजत, पेनानं रेघ ओढत, दोन्ही पायांवर सारखीच, आणि पोटरीला फीत गुंडाळत. एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड निघाला की बाई बोलायच्या थांबत आणि फीत बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. ते पाहिलं की मी समजून जायचो, आता जीप पाहावी लागते.

गावानं त्यांचं नाव फीतावाली ठेवलं. पारावरचा एक जण एकदा म्हणाला, "बाई, पायजामा शिवता का आमाले?"

"आन कपडा," बाई म्हणाल्या. "पहिले तुया तोंडाले दोन टाके घालू."

बसून त्या कधी बोलत नसत. चहासुद्धा उभ्यानं, बशीत. खिशात फुटाणे. आणि तपासायचं ते पायापासून वर. डॉक्टर तोंड पाहत, जीभ पाहत; बाई तळव्यापासून सुरू करत. मी विचारलं काहून, तर म्हणाल्या, "मानूस तोंडानं खोटं बोलते. बरं आहे म्हनते. पायाले बोलता येत नाही, म्हनून थो खोटं बोलत नाही."

ती वर्षं कापसाची वाईट होती. अळीनं बोंड खाल्लं, भाव पडला, हे सगळ्यांना माहीत आहे, मी सांगत बसत नाही. आमच्या केंद्रात त्याचं रूप वेगळं होतं. आमच्याकडं फवारणीच्या विषालाच औषध म्हणतात, आणि औषध पिलेली माणसं यायची. मी डोकं धरायचो, डॉक्टर नाकातून नळी घालायचे, पोट धुवायचे. तो वास माझ्या अंगावरून घरी जायचा. बायको मला आंगणातच हातपाय धुवायला लावायची. सवयच झाली होती आमची सगळ्यांची, की तरणं माणूस अचानक गेलं म्हणजे औषध घेतलं. दुसरं काही डोक्यातच यायचं नाही.

अशा दिवसांत एका सकाळी ट्रॅक्टरवर एक बाई आणली. रंजना नाव, आमच्याच गावची सून, बाळंत होऊन सोळा दिवस झालेले. मेलेलीच आणली. मागून अर्ध्या तासात तिचा भाऊ आला, चार माणसं घेऊन. आल्याबरोबर त्यानं रंजनाच्या नवऱ्याची गचांडी धरली. "माया बहिनीले औषध पाजलं यानं! सोडत नाही आज!" सासूला बायांनी भिंतीला दाबलं. कोणी तरी काठी उचलली. डॉक्टर त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला. मी दारात आडवा उभा, पण माझ्या अंगात दम तो किती.

बाईंनी कोणाकडं पाहिलं नाही. रंजनाच्या पायावरचं लुगडं वर केलं, वाटीखाली चार बोटं मोजली, रेघ ओढली. मेलेल्या बाईचे पाय मापताना पाहून लोक गप्प झाले, घाबरलेच म्हणा. डावा पाय चांगला दोन बोटं जाड. मग बाई वाकल्या आणि मेलेल्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला. भावाला म्हणाल्या, "इकडं ये. तूबी घे वास."

"काय करून राह्यली बाई तू?"

"औषधाचा वास तुले माहीत आहे का नाही? फवारतं नं तू? मंग ये. घे."

तो आला, वाकला. बहिणीच्या तोंडाचा वास घेतला त्यानं. आणि तिथंच फरशीवर बसला.

"हिनं औषध घेतलं नाही," बाई म्हणाल्या. "कोनी पाजलंबी नाही. यवतमाळले न्या, चिरू द्या. मी खोटी निघाली तं मंग मले मारा."

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात निघालं ते असं, की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली, ती सुटून वर गेली आणि फुप्फुसात अडकली. कागद घेऊन भाऊ परत आला तेव्हा भांडायला नाही, नुसताच आला. बाईंनी त्याला चहा दिला आणि तोच प्रश्न विचारला. तुमची माय कशानं मेली? तो म्हणाला, धाकट्या भावाच्या बाळंतपणात. पाय भरला होता, मग दम लागला.

तो गेल्यावर बाई फीत गुंडाळत उभ्या राहिल्या. मी विचारलं, "बाई, गाठ काय मायकडून येते का?"

"गाठ येत नाही. गाठीचं रक्त येते. मायकडून येते, बापाकडूनबी येते. जन्मापासून जरा चिकट, लवकर गोठनारं. तुमच्या बंडीच्या आखाले बारीक चीर आहे समजा. रिकामी बंडी जन्मभर चालते, कोनाले समजत नाही. मंग एक दिवस कापूस भरला, वाटेत नाला लागला, आन त्याच वक्ती बैल बुजाडला. तिन्ही एकाच दिवशी. मंग आख मोडते. लोक म्हनतात बैलानं मोडला. बैल तं रोजच बुजाडते नं, नामदेवभाऊ?"

"मंग रंजनाचा कापूस कोनता आन नाला कोनता?"

"बाळंतपन म्हनजे भरलेली बंडी. बाळंतिनीचं रक्त तसंबी लवकर गोठते, देवानंच केलं तसं, लय वाहून जाऊ नये म्हनून. त्यात सोळा दिवस बाजेवरून उठू दिलं नाही. त्यात पोट सुटते म्हनून पानी दिलं नाही. खाली शेगडी. हे आपन करतो."

तेव्हापासून बाईंनी रजिस्टरमध्ये स्वतः पट्टीनं एक रकाना आखला. सरकारी छापील रजिस्टर ते, त्यात रकाना वाढवायचा नसतो, त्यासाठी डॉक्टरांचं बोलणंही खाल्लं. दारोदार गेल्या. घरात कोणी पाय सुजून, दम लागून मेलं काय? माझ्याही घरी आल्या. मी ओट्यावर बसलो होतो. म्हटलं, "नाही बाई. आमच्या घरान्यात कोनालेच नाही."

माझी बायको चुलीजवळ होती. ती म्हणाली, "मावशीचं माया..."

मी म्हटलं, "तू चूप राह्य. बाई घरान्याचं इचारून राह्यल्या."

ती चूप राहिली. बाईंनी लिहिलं, नाही.

हे मी पुष्पालाही पुष्कळ वर्षं सांगितलं नव्हतं. आज लिहितो आहे.

पुढच्या वेचणीला बायको बांधावरून घसरली. घोटा मोडला, पलस्तर झालं, डॉक्टर म्हणाले दीड महिना पाय खाली टेकायचा नाही. ती बाजेवर पडली. आयुष्यात पहिल्यांदा पडली. बाई आठ दिवस येऊन तिचे पाय पाहत होत्या, मग त्यांना ट्रेनिंगला यवतमाळला बोलावलं. जाताना म्हणाल्या, बोटं हालवत राह्यजो, पानी पेत राह्यजो. तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली मांडी भरून आली, आत लाकूड ठेवल्यावानी वाटते. मी जवसाचं तेल कोमट केलं आणि चांगलं घंटाभर चोळलं. मांडीपासून खाली, खालून वर. ती म्हणाली, बरं वाटून राह्यलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, मी तिचे पाय पहिल्यांदाच चेपत होतो. लाजली होती ती.

सकाळी मी चहा मांडला. ती उठून बसली, म्हणाली, जीव घाबरते. मी म्हटलं, चहा पे, बरं वाटन. चहाला उकळी आली नव्हती.

बाई दुपारी पोचल्या. पायापासून सुरू केलं. रेघ ओढली नाही, मापलंही नाही, नुसता हात ठेवला. बायकोच्या माहेरची माणसं आली होती. त्यांच्यातली एक म्हातारी दारात बसून रडत होती, "आमच्या अनसूयेच्या मायचं असंच झालं वं... मावशीचंबी असंच..."

बाई वळल्या. "अनसूया कोन?"

म्हातारीनं माझ्या बायकोकडं बोट केलं.

आमच्या रजिस्टरमध्ये ती कमल होती. लग्नात मीच तांदळात अंगठीनं ते नाव लिहिलं होतं, तेव्हापासून ती कमल. तिची माय दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या नावानं मेली. मावशी तिसऱ्या गावात, तिसऱ्याच नावानं. तीन बाया एका रक्ताच्या, आणि कोणत्याच कागदावर त्या एकमेकींच्या कोणी नव्हत्या. बाईंनी पिशवीतून रजिस्टर काढलं, माझ्या घराचं पान उघडलं आणि त्या 'नाही'वर इतक्या जोरानं काट मारली की पान फाटलं.

"घर म्हनजे कोनतं घर, हे मी इचारलंच नाही," म्हणाल्या. "बाईले इचारलं, आन उत्तर मानसानं देल्लं, थेबी आपल्या घरचं. मी लिवून घेतलं."

तेराव्यानंतर मी केंद्रात गेलो तेव्हा सरळ विचारलं. "बाई, माया चोळन्यानं गेली का थे?"

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं नाही रे. बाईंनी फीत गुंडाळली, सोडली.

"चोळल्यानं गाठ निसटू शकते. न चोळताबी निसटते. तुमच्या हातानं निसटली का आपल्याआप, हे मले माहीत नाही, कोनालेच समजनार नाही. पन आता तुमाले माहीत आहे नं? मंग दुसऱ्याच्या सुजल्या पायाले कोनाचा हात लागू देऊ नका."

मी विचारलं, पुष्पा झाली तेव्हा काहून नाही झालं काही? तेव्हाही बाळंतीणच होती.

"किती दिवस बाजेवर होती?"

मी आठवलं. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. पाचव्या दिवशी ती वेचणीला गेली होती.

"गरिबीनं वाचवलं तवा," बाई म्हणाल्या. "आता पलस्तरानं निजवलं."

त्या दिवसापासून बाईंचा प्रश्न बदलला. कोणतीही बाई समोर आली की पहिले, "माहेरचं नाव काय?" बाया हसायच्या, लाजायच्या. कोणी पदर तोंडात धरून सांगायची. एक म्हातारी तर घडीभर आठवत बसली आणि मग रडायलाच लागली. सासरच्या नावापुढं कंसात माहेरचं नाव, गाव, मायचं नाव, माय कशानं मेली. बापाकडचंही. डॉक्टर म्हणाले, बाई, हे काय पोथी लिहिता? पण नंतर तेच ते पान उघडून पाहायचे.

आता पुष्पाचं. ती तेव्हा विशीची. लग्न ठरलं, बारा किलोमीटरवरचं गाव. सासू कडक पण वाईट नाही. लग्नानंतर पुष्पा पाळणा लांबवायच्या गोळ्या मागायला बाईंकडं आली, तर बाईंनी डबा पाठीमागं लपवला. गोळ्या वाटायचं बाईंना टार्गेट असे, कमी पडलं की मीटिंगमध्ये उभं करत. तरी म्हणाल्या, "तुले नाही देत. या गोळीनंबी बंडी भरते. तुया आखात चीर आहे का नाही माहीत नाही, पन असन तं?" दुसरा उपाय सांगितला. आणि दिवस राहिले तेव्हा स्वतः तिला यवतमाळच्या डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्ताची तपासणी नागपूरला पाठवावी लागते. ते रक्त पोरीत आलंच असेल असं नाही, पण आई, आजी आणि आजीची बहीण एवढं ऐकल्यावर मी कागदाची वाट पाहणार नाही. रक्त गोठू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ पोटात सुई. बाळंतपणानंतरही सहा हप्ते.

पहिलं बाळंतपण माहेरी असते. पण माझ्या घरी होतं कोण? मी एकटा. म्हणून पुष्पा सासरीच. तालुक्याच्या दवाखान्यात सुखरूप सुटली, मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी घरी नेली. सुया सोबत दिल्या, त्यांच्या गावच्या कंपाउंडरनं टोचायच्या ठरल्या.

बाई मला रोज सकाळी विचारायच्या, "पुष्पीले सुई सुरू आहे नं?"

मी म्हणायचो, आहे.

अकराव्या दिवशी विचारलं, "कोन म्हनलं?"

"जावई म्हनला. परवा बजारात भेटलता."

"तुमी पाह्यलं? पुष्पीले इचारलं?"

मी झाडू भिंतीला टेकवला.

"पुन्हा मानसालेच इचारलं तुमी," बाई म्हणाल्या. पर्स घेतली. "चाला."

ते गाव आमच्या केंद्राच्या हद्दीत नव्हतं. मी म्हटलंसुद्धा, तिथल्या नर्सला निरोप देऊ. बाई एव्हाना फाट्याच्या वाटेला लागल्या होत्या.

दुपारचे बारा असतील. पुष्पा कोंदट खोलीत बाजेवर, खाली शेगडी, कानाला फडकं. ओठ फुटलेले. बाजेच्या पायथ्याशी चोळणारी बाई वाटीत तेल कोमट करून बसली होती. जवसाचं. तो वास मला दारातच आला. पुष्पा म्हणाली, "बाबा, पोटरीत गोळा आला. कालपासून." त्या बाईनं तळव्यावर तेल घेतलं.

"हात लावू नको!"

ओरडलो मी. इतका मोठ्यानं, की तान्ही पोर रडायला लागली. तोवर बाईंनी त्या चोळणारीचं मनगट धरलेलं होतं.

"बाई, दूर हो. तुयी चूक नाही. पन दूर हो."

रेघ. फीत. उजवा पाय. मग डावा. बाईंनी आकडा मोठ्यानं सांगितला नाही. फीत बोटाला गुंडाळली, सोडली, गुंडाळली.

"सुई कवा बंद केली?"

पुष्पाची सासू दारात आली होती. "चवथ्या दिवशी. सुईनं दूध आटते. आमी का पोरी बाळंत केल्या नाही? आन तुमी कोन? आमची नर्स येगळी आहे."

"जीप पाह्य, जावई," बाई जावयाला म्हणाल्या. "काळीपिवळी, टॅक्टर, जे भेटन थे."

"बाळंतीन बाराव्याबिगर उंबरठा वलांडत नाही," सासू म्हणाली आणि खरोखर उंबरठ्यावर बसली. दार तेवढं एकच. जावई मायकडं पाहत उभा राहिला. मी हात जोडले. ती माझ्याकडं पाहतही नव्हती. पुष्पाचा श्वास मी मोजत होतो, मला मोजता येत नाही तरी.

मला वाटलं बाई आता तिला उचलून बाजूला करतात. तेवढा जोर होता त्यांच्या अंगात. पण बाई खाली बसल्या. मी त्यांना अकरा वर्षांत तेव्हाच एकदा बसलेलं पाहिलं. विहीणबाईच्या समोर, जमिनीवर.

"तुमचं माहेरचं नाव काय?"

"काय?"

"माहेरचं नाव. सासरचं नाही."

सासूनं पोराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. कितीक वर्षांत तिला ते कोणी विचारलं नसावं. "गिरजा," म्हणाली, हळूच.

"गिरजाबाई, हिच्या मायचं माहेरचं नाव अनसूया होतं. असाच पाय भरला. बापानं असंच तेल लावलं. सकाळी चहा व्हाच्या पहिले गेली. तिची माय तशीच गेली. मायची बहीन तशीच गेली. हे चवथी आहे." बाईंनी बोट पुष्पाकडं केलं. "मी रागावून नाही बोलून राह्यली. मी हिच्या मायच्या वक्ती चुकली, म्हनून इथं बसली."

शेगडीत कोळसा तडकला. मग गिरजाबाई उठल्या. उंबरठ्यावरून आत आल्या, बाळ छातीशी घेतलं आणि पोराला म्हणाल्या, "उभा काय राह्यला बयताडा? जाय, जीप आन!"

बाईंनी पुष्पाला पायी चालू दिलं नाही. बाजेसकट उचललं. काळीपिवळीच्या मागच्या बाकावर आडवं टाकलं, पाय गोधडीवर सरळ, मी टाच धरून. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला बाई ड्रायव्हरला म्हणायच्या, "हळू," आणि खड्डा गेला की, "चाल, जोरात." तो कातावला. "बाई, एक काय थे सांगा!" बाई म्हणाल्या, "दोन्ही." पुष्पाला त्या वाटभर बोलत ठेवत होत्या. पोरीचं नाव काय ठेवतं, डोळे कोनावर गेले, सासू चांगली आहे का मारते? गिरजाबाई शेजारीच बसलेल्या. पुष्पा हसली. मध्येच म्हणाली, छातीत टोचते. बाई म्हणाल्या, "टोचू दे, बोल तू." हात मात्र फीत गुंडाळत होता, इतकी आवळून की बोटाचं टोक पांढरं पडलं. मी ते बोटच पाहत होतो. यवतमाळ येईपर्यंत दुसरीकडं पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मशीन लावून पाहिलं. मोठी गाठ मांडीपर्यंत चढली होती. एक बारका तुकडा सुटून वर गेलाही होता, त्यानंच टोचत होतं. मोठी जागेवर होती. म्हणाल्या, चोळलं असतं, किंवा उद्यावर ढकललं असतं, तर मी काही सांगू शकले नसते. शिरेतून औषध सुरू केलं. औषध शब्द ऐकून गिरजाबाई दचकल्या, तेव्हा बाई म्हणाल्या, "हे दुसरं औषध. हे जगवाचं."

पुष्पा एकवीस दिवसांनी घरी आली. आजही आहे. सकाळी तिनंच मला ही वही आणून दिली.

त्यानंतर तीन वर्षांनी बाई रिटायर झाल्या. केंद्रात नारळ, शाल, फोटो झाला. डॉक्टर दोन शब्द बोलले. बाई उभ्याच होत्या. मी पेटी घेऊन त्यांना एसटीवर पोचवायला गेलो, तीच पत्र्याची पेटी. यवतमाळची गाडी लागली होती, तिथून पुढं दिग्रस. खिडकीजवळ बसल्या, म्हणजे बसावंच लागलं त्यांना. गळ्यात फीत होतीच.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. बाईंना काही आठवलं. पिशवीतून आपली घरची वही काढली, गुडघ्यावर ठेवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"नामदेवभाऊ! पुष्पीच्या पोरीचं लिवून घेतो. उद्या मोठी होईन, तिले लागन. मायचं नाव पुष्पा, लिवलं. आजीचं काय लिवू?"

त्यांना माहीत होतं. त्यांनीच तर शोधलं होतं. मी म्हटलं, "लिवा नं, बाई. तुमाले माहीत आहे."

"तुमी सांगा."

मी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. ना कमल, ना दुसरं. अवं, ऐकलं काय, पुष्पाची माय, यातच तेवीस वर्षं गेली. स्टँडवर माणसं होती, पानठेल्यावर ओळखीचे उभे होते. गाडी हलली.

"अनसूया," मी म्हटलं.

बाईंनी कानाला हात लावला. "ऐकू नाही आलं!"

मी गाडीसोबत चालायला लागलो. "अनसूया!" म्हणून ओरडलो. पानठेल्यावरचे वळून पाहायला लागले. पाहू दे. "अनसूया! अनसूया लिवा, बाई!"

बाईंनी मान हलवली आणि वहीवर वाकल्या. गाडी वळणाला गेली तेव्हा त्या लिहीतच होत्या.

पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं त्यांना.